थंडीत खताचा डोस वाढवण्याआधी मातीचा पारा पाहा!

निफाडचा पारा घसरला की बातमी होते. पण तो पारा हवेचा. पिकाची मुळे मात्र मातीत असतात. थंडीत रब्बी मक्याची कोवळी पाने जांभळी पडली की ‘स्फुरद कमी पडले’ म्हणून आणखी खत टाकले जाते. अनेकदा स्फुरद जमिनीत असते, मुळांना ते उचलता येत नाही.

असे का होते?

• स्फुरद मातीत फार हळू सरकते. मुळांनाच वाढत त्याच्यापर्यंत जावे लागते. थंड मातीत ही वाढ मंदावते.
• अन्नद्रव्ये शोषायला मुळांना ऊर्जा लागते. ती श्वसनातून मिळते आणि गारठ्यात श्वसनच मंदावते.
• सेंद्रिय पदार्थांतून अन्नद्रव्ये मोकळी करणारे जिवाणूही सुस्तावतात.

माती परीक्षणात स्फुरद पुरेसे असेल, तर वाढीव डोस म्हणजे पैसे मातीत घालणे. माती तापली की नवी पाने बहुधा हिरवी येतात.

हवामान विभागाच्या कृषी वेधशाळांत ५, १० आणि २० सेंटीमीटर खोलीवर मातीचे तापमान मोजले जाते. मोबाइलवरच्या कृषी सल्ल्यात पावसाच्या अंदाजाशेजारी हा आकडाही रोज यायला हवा. खताची गोणी फोडण्याआधी शेतकऱ्याला तो दिसला पाहिजे.