वरच्या फळीवरचा डबा

‘‘तू राहू दे गं, मी काढते!’’

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यापासून हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकत होते. स्तनाच्या कर्करोगासाठी उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली होती, काखेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या होत्या. पुढचे उपचारही पार पडले. डॉक्टर म्हणाले, ‘‘आता घरची कामं हळूहळू सुरू करा.’’ पण घरात ऐकतंय कोण? सासूबाई कळशीला हात लावू देत नसत, लेक पोळ्या लाटू देत नसे आणि हे तर भाजीची पिशवीसुद्धा हातातून काढून घेत. सगळं प्रेमापोटीच! पण त्या प्रेमानं मी वर्षभर आजारीच राहिले. हात खांद्याच्या वर जाईना. स्वयंपाकघरातला वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढायला कुणाला तरी हाक मारावी लागे. दवाखान्यात रडले नव्हते, त्या डब्यापुढे मात्र एकदा रडले.

शेजारच्या वहिनी गल्लीतल्या मंडळाच्या व्यायामशाळेत जायच्या. तिथे दुपारी तीन ते चार बायकांची वेळ. ‘‘नुसतं बघायला तरी चला,’’ म्हणून त्या मागेच लागल्या. मला संकोच वाटे. पदराआडचं कुणाच्या लक्षात आलं तर? पहिल्या दिवशी मी भिंतीशी बाकावर बसून राहिले. शिकवणाऱ्या ताईंनी एकच प्रश्न विचारला, ‘‘डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत? नसेल तर उद्या घेऊन या.’’

चिठ्ठी नेली. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले हाताचे व्यायाम ताईंनी वहीत लिहून घेतले. तिथलं सर्वांत लहान डंबेल दोन किलोचं होतं. म्हणून माझ्या हातात आली पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. शेजारी गुडघा बदललेल्या आजी होत्या, मधुमेहाच्या दोघीजणी होत्या. माझ्या आजाराचं तिथे कुणालाच अप्रूप नव्हतं. सगळ्या माझ्याबरोबर मोठ्यानं आकडे मोजत, ‘‘सात, आठ… काकू, अजून दोन!’’

अशी शस्त्रक्रिया झालेल्या हातानं वजन उचलायचंच नाही, असं पूर्वी सर्रास सांगत. लसिका ग्रंथी काढल्यावर हातातला द्रव नीट वाहून जात नाही, हात सुजतो, म्हणून ही भीती. पण २००९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोगाच्या उपचारांनंतर हाताला सूज राहिलेल्या १४१ स्त्रिया त्यात होत्या. त्यातल्या निम्म्या स्त्रियांनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, आपल्या भागातल्या व्यायामकेंद्रांत वजनं उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनानं, देखरेखीखाली, हातात घट्ट बाही घालून. त्यांची सूज इतर स्त्रियांपेक्षा वाढली नाही. उलट त्रास कमी झाला आणि ताकद वाढली.

मी मात्र घाई केली. दोन महिन्यांनी एकदा ताईंची पाठ फिरताच दोन किलोचं डंबेल उचललं. रात्री हात जड झाला, सकाळी बांगड्या रुतू लागल्या. ‘‘सांगत होतो ना!’’ हे म्हणाले. मी जाणं बंद केलं. चौथ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. ताई, वहिनी आणि काठी टेकत जिना चढून आलेल्या आजी!

‘‘तीन दिवस कुठे होतात?’’ आजींनी जरबेनं विचारलं. मी हात दाखवला. ताई म्हणाल्या, ‘‘आधी डॉक्टरांना दाखवा. ते म्हणतील तेव्हा या. बाटली तुमच्यासाठी ठेवली आहे.’’

सूज उतरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी पुन्हा त्या बाटलीपासून सुरुवात केली. त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला वरच्या फळीवरचा डबा मीच काढला. सासूबाई सवयीनं उठल्या, मग पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, ‘‘काढलाच आहेस तर बेसनाचाही काढ.’’ वर्षभरात त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं काम!

मैत्रिणींनो, आजारातून उठताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नका. वजन अगदी थोडं थोडं वाढवा. हात सुजला, जड वाटला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. लाल झाला किंवा ताप आला तर एक दिवसही वाट पाहू नका. आणि घरच्यांनो, जपा, जरूर जपा. पण एखादं काम तिच्यासाठी राखूनही ठेवा. तुमच्या गल्लीत व्यायामशाळा असेल तर बायकांची वेळ कोणती, एवढं विचारून या. ‘काल का आला नाहीत?’ असं विचारणारं घराबाहेरही कुणी असावं. मला औषधाइतकाच त्याचा उपयोग झाला.