मॉडेलवरचा डाग पुसू नका, त्याचं कारण विचारा



'वाहतूक' हा घटक आला की आपल्या प्रत्येक शाळेत गाड्यांची मॉडेल्स येतात. पुठ्ठ्याची बस, काड्यापेट्यांची आगगाडी, आइस्क्रीमच्या काड्यांची बैलगाडी. टेबलावर ओळीने मांडली की दोन गट लगेच ओळखू येतात. एक गट चकचकीत, सोनेरी कागद लावलेला. ही मॉडेल्स बहुतेक वेळा आईबाबांनी रात्री जागून केलेली असतात, नाहीतर दुकानातून आणलेली. दुसरा गट मुलांनी स्वतः केलेला, थोडा वाकडा, डिंकाचे डाग पडलेला. आणि 'उत्कृष्ट' हा शेरा जातो पहिल्या गटाला.

माझं स्पष्ट मत आहे की हा शेरा चुकीच्या जागी जातो. मुलाने किती पाहिलं, किती मोजलं आणि त्यातलं किती कळलं, याला गुण हवेत. चकाकीला नकोत.

हे मत मांडताना मला एका छंदाचा आधार घ्यावासा वाटतो. जगभर अनेक मोठी माणसं गाड्या, रणगाडे, विमानं यांच्या छोट्या प्रतिकृती बनवतात. त्या अचूक प्रमाणात असतात. रणगाड्यांसाठी 1:35, विमानांसाठी 1:72, मोटारींसाठी 1:24 ही त्यातली नेहमीची प्रमाणं. गंमत म्हणजे गाडी जोडून, रंगवून झाली की काम संपत नाही. मग ते ती गाडी जुनी करायला बसतात! रंगाचे टवके, गंज, चिखल, धूळ, तेलाचे ओघळ. याला ते 'वेदरिंग' म्हणतात, म्हणजे ऊन-वारा-पावसाने वस्तूवर उमटणाऱ्या खुणा दाखवणं. 1977 साली आलेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातली अंतराळयानं खरी वाटली, त्याचं एक कारण हेच होतं. ती छोटी मॉडेल्स मुद्दाम मळकी, वापरलेली दिसतील अशी रंगवली होती.

आपल्याला महागडी किट्स नकोत. फक्त ही नजर वर्गात आणायची आहे. कशी, ते सांगते.

1) आधी मोजू द्या

आपल्या सगळ्यांची ओळखीची गाडी म्हणजे एसटी. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, हे मुलांना जरूर सांगा. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर चालक-वाहकांना विचारून, गाडी बंद असताना, तुमच्या देखरेखीखाली मुलांना टेपने मोजू द्या. उंची मोजता येत नाही ना? मग एका मुलाला गाडीशेजारी उभं करा आणि त्याच्या उंचीवरून अंदाज काढा.

समजा लांबी 11 मीटर, रुंदी अडीच मीटर, उंची 3 मीटर आणि चाक 1 मीटर भरलं. आता 1:50 हे प्रमाण घ्या. सगळ्याचे सेंटिमीटर करायचे आणि 50 ने भागायचं. लांबी 22 सेंमी, रुंदी 5 सेंमी, उंची 6 सेंमी, चाक 2 सेंमी. झाला भागाकाराचा तास!

इथे एक मजा होते. मुलं चाकांसाठी हमखास पाण्याच्या बाटलीची टोपणं आणतात. टोपण जवळजवळ 3 सेंमीचं. 3 गुणिले 50 किती? दीडशे सेंटिमीटर. म्हणजे चौथीतल्या मुलापेक्षाही उंच चाक! हे मुलांनीच काढलं पाहिजे. मग 2 सेंमीची बटणं शोधायला किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या कापायला ती आपणहून लागतात. प्रमाण म्हणजे काय, हे फळ्यावर चार वेळा सांगून कळत नाही, ते त्या टोपणामुळे कळतं.

2) मग 'का?' विचारा

गाडी रंगवली की लगेच धूळ-चिखल फासायचा नाही. आधी खरी गाडी परत बघायची आणि प्रश्न विचारायचे.

- चिखल सगळीकडे सारखा का नाही? चाक फिरताना तो मागे आणि वर फेकतं, म्हणून चाकांच्या मागच्या बाजूला जास्त.
- गाडीच्या मागच्या काचेवर एवढी धूळ का? गाडी पुढे जाताना तिच्या मागे हवा घुमते आणि उडालेली धूळ तिथेच बसते.
- पुढची काच पंख्याच्या आकारात स्वच्छ कशी? वायपरमुळे.
- पायरीचा रंग का उडाला? रोज शेकडो पाय पडतात.
- पावसाचे ओघळ नेहमी खिडकीच्या कोपऱ्यातून सरळ खाली का जातात?

आणि गंज? इथे मुलं, आणि खरं सांगायचं तर आपण मोठेही, ब्रश भरून तपकिरी रंग फासतो. पण अनेक जुन्या एसटी गाड्यांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा होता. ॲल्युमिनियमवर तांबूस गंज चढतच नाही. तिथला रंग उडाला की खालून पांढुरका, चंदेरी पत्रा दिसतो. गंज दिसतो तो लोखंडावर, म्हणजे चाकाच्या बोल्टवर, मागच्या शिडीवर, खालच्या सांगाड्यावर. 'सगळे धातू गंजतात का?' हा प्रश्न पुस्तकातून विचारला तर वर्ग गप्प बसतो. गाडी समोर असेल तर वाद सुरू होतो.

बैलगाडी करणाऱ्या मुलांसाठीही असंच आहे. चालत्या गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव घासून चकाकते. तीच गाडी वर्षभर परसात पडली की धाव गंजते. नांगराच्या फाळाचंही तेच. म्हणजे मॉडेल करताना मुलाला ठरवावं लागतं: माझी गाडी चालू आहे की पडून आहे?

3) साहित्य घरातलंच

- गंजासाठी गेरू. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि गंज हेही लोह आणि ऑक्सिजनचंच संयुग. म्हणजे दोघं एकाच घरातले.
- धुळीसाठी आपल्याच गावची माती, फडक्यातून गाळलेली. कोकणातल्या गाडीवर तांबडी धूळ, काळ्या मातीच्या भागात राखाडी. वाळलेली काळी माती ओल्या मातीपेक्षा फिकट दिसते, हेही मुलांना दाखवा.
- चिखलासाठी तीच माती आणि पातळ केलेला डिंक. जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवायचे.
- रंगाच्या टवक्यांसाठी गादीतल्या स्पंजचा तुकडा, रंगात बुडवून, कागदावर टिपून, मग हलकेच टेकवायचा.
- धुरासाठी कोळशाची पूड, फक्त सायलेन्सरजवळ.
- टायरला अगदी काळा रंग नको. त्यात थोडा पांढरा मिसळून गडद राखाडी करा. चालून चालून टायर तसेच दिसतात.

ब्लेड आणि कटर मोठ्यांनीच वापरायचं. बाकी सगळं मुलांनी.

4) भाषेचा तासही यातच

'एका जुन्या एसटीचे आत्मवृत्त' हा निबंध आपण वर्षानुवर्षे देतो. चाळीस वह्यांत तीच वाक्यं येतात, कारण ती गाईडमधून आलेली असतात. मॉडेल झाल्यावर हाच निबंध देऊन बघा. ज्या मुलाने डाव्या बाजूच्या पत्र्यावर ओरखडा काढला आहे, त्याला तो कशाने पडला हे लिहावंच लागतं. अरुंद रस्त्यावरची बाभळ की बसस्थानकाचा खांब? निबंधात सांगण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे आधीच असतं. शब्दही त्याचे स्वतःचे येतात: टवका, ओघळ, पोचा, खरचटणं.

5) 'हे गबाळेपणाला उत्तेजन नाही का?'

पालक असं विचारतील. विचारायलाच हवं. उत्तर असं की डाग आणि डाग यात फरक आहे. डिंक सांडून पडलेला डाग हा निष्काळजीपणा, आणि चाकामागे विचार करून लावलेला चिखल हे निरीक्षण. ओळखायचं कसं? मुलाला विचारा, "हा इथेच का?" कारण सांगता आलं तर ते निरीक्षण. कारण नीट दाखवायला हात जास्त स्थिर लागतो, कमी नाही.

'वेळ कुठे आहे?' हा दुसरा आक्षेप. पण गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि भाषा, पाच विषयांचं काम एका पुठ्ठ्याच्या गाडीत होतंय. आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, उपक्रम, प्रकल्प ही साधनं आपल्याकडे आहेतच. नवीन नोंदवही लागत नाही.

6) गुण कसे द्यावेत?

दहापैकी माझी विभागणी अशी: माप आणि प्रमाण 3, निरीक्षण आणि त्याचं कारण सांगणं 4, स्वतः केलेलं काम 2, नीटनेटकेपणा 1.

ही विभागणी मला का महत्त्वाची वाटते, ते शेवटी सांगते. आपल्या वर्गात कोणाचे बाबा टेम्पो चालवतात, कोणाचा मामा गॅरेजमध्ये आहे, कोणाच्या घरी ट्रॅक्टर आहे, कोणाचे आजोबा चाकाला धाव चढवायचे. इंजिन तेल कुठून गळतं, ट्रॉलीचा पत्रा आधी कुठे सडतो, हे या मुलांना पक्कं ठाऊक असतं. पण सोनेरी कागद आणायला पैसे नसतात आणि रात्री जागून मॉडेल करून द्यायला घरी कोणाला सवड नसते. आपण चकाकीला गुण देतो तेव्हा या मुलांना नकळत सांगतो की तुला जे येतं ते शाळेत उपयोगाचं नाही. कारणाला गुण दिले की तीच मुलं वर्गाला शिकवायला पुढे येतात.

म्हणून पालकहो, यावेळी मुलाचं मॉडेल तुम्ही करू नका. त्याला फक्त एक टेप द्या आणि अर्धा तास त्याच्यासोबत एखाद्या उभ्या गाडीजवळ थांबा. आणि शिक्षक मित्रांनो, मळकी गाडी टेबलावर आली तर शेरा लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारा: "हा डाग इथे कसा पडला रे बाळा?"