सरासरीवर विसंबू नका!

उपग्रहाविषयी आपले बोलणे बहुधा अग्निबाणाच्या उड्डाणापाशी सुरू होते आणि टाळ्यांपाशी संपते. पुढे तो उपग्रह जमिनीवरच्या केंद्राशी बोलतो कसा, आणि ते बोलणे सदैव सारखेच ऐकू येते का, हा प्रश्न विज्ञान शाखेकडे ढकलून आपण मोकळे होतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही हा प्रश्न आपला आहे, किंबहुना खेड्यातून आलेल्यांचा तो अधिक आहे, असे मला वाटते.

यातले गणित अवघड नाही. 500 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. एका केंद्राला तो एका खेपेस फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो. डोक्यावर असताना अंतर 500 किलोमीटर. क्षितिजाशी असताना तेच अडीच हजारांवर जाते. अंतर पाचपट झाले की पोचणारी शक्ती पंचविसाव्या हिश्शावर येते. शिवाय उपग्रह जवळ येताना लहरींची कंप्रता वाढते, दूर जाताना उतरते. स्टेशनात न थांबणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखी. सुमारे 36 हजार किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह आकाशात जागा सोडत नाहीत, पण पाऊस त्यांनाही सोडत नाही. घरावरच्या छत्रीचे चित्र मुसळधार पावसात का फुटते, हे आपण पाहतोच.

म्हणून जाणता अभियंता सरासरीवर विसंबत नाही. वाईटात वाईट घडीसाठी तो शक्ती राखून ठेवतो. पाऊस वाढला की बोलणे तोडण्याऐवजी वेग कमी करून ते चालू ठेवण्याची सोय आजच्या यंत्रणांत असते. आणि तो आधी परीक्षा घेतो. टायटनवर उतरायच्या ह्युजेन्स यानाचा आवाज कॅसिनी हे मातृयान ऐकणार होते. बोरिस स्मेड्स या अभियंत्याने 2000 साली प्रत्यक्षासारखी बदलती कंप्रता पाठवून पाहिली, तेव्हा कॅसिनीच्या ग्राहकयंत्राला ती झेपत नाही असे उघड झाले. यंत्र बदलणे अशक्य होते. मार्ग बदलला, आणि 14 जानेवारी 2005 रोजी टायटनवरची माहिती हाती आली.

आता आपल्याकडे पाहू. फी, शिष्यवृत्ती, दाखले, सारे इंटरनेटवर आले. उद्या उपग्रहावरून ते वाडीवस्तीवरही पोचेल, आणि त्याचे मी स्वागतच करतो. पण सेवा वर्षातून 99.9 टक्के वेळ चालू असली, तरी पावणेनऊ तास ती बंद असते. हे तास वर्षभर सारखे वाटले जात नाहीत. पावसाने तुटणारा दुवा पावसाळ्यातच तुटतो. आणि आपले प्रवेश, अर्ज नेमके जून-जुलैत! आमच्या गावातील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या संध्याकाळी पावसाने असाच अडकला. तिथे उपग्रह नव्हता, साधा मोबाइलचा मनोरा होता. पण न्याय तोच. ‘यंत्रणा चालू होती’ असे उत्तर तिला मिळाले. यंत्रणा शहरात चालू होती, हे खरेच होते. ती मुलगी आज कॉलेजात नाही.

काही मित्र म्हणतील, प्रत्येक सरीसाठी तयारी ठेवायची तर खर्च कोणी करायचा? आक्षेप रास्त आहे. शंभर टक्क्यांचे वचन अभियंताही देत नाही. पण दुवा किती वेळ तुटेल हे तो आधी मांडतो आणि त्याची तजवीज करतो. आपण तेवढेच मागावे. सेवेचा हिशेब वर्षाचा नको, महिन्यामहिन्याचा द्या. गावात दुवा बंद असेल तितके दिवस अर्जाची मुदत आपोआप वाढवा. कागदी अर्ज घेणारी एक खिडकी उघडी ठेवा. याला नवा उपग्रह लागत नाही. ज्यांच्या घरात अर्ज भरणारी पहिलीच पिढी आहे, त्यांच्यासाठी ही खिडकी म्हणजेच राखून ठेवलेली शक्ती आहे.