विश्लेषण : राहतं घर विकून दुसरीकडे जाताय? पैसा नेमका कुठे अडकतो?

डोंबिवलीतला वन बीएचके विकून नाशिकला मोठं घर, मुंबईतला फ्लॅट विकून निवृत्तीनंतर कोकणात, किंवा मुलांच्या नोकरीमुळे थेट पुण्याला. महाराष्ट्रातल्या हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी घर विकणं हा आयुष्यात एकदा-दोनदाच होणारा व्यवहार असतो. खरेदी करताना बँक, वकील, एजंट सगळेच कागद तपासतात. विकताना मात्र ‘गिऱ्हाईक मिळालं की झालं’ असं वाटतं आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. कधी कर जास्त भरला जातो, कधी सोसायटी पैसे मागते, तर कधी चावी दिल्यानंतर शेवटचा हप्ता लटकतो.

घर विकल्यावर कर किती लागतो?

घर 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीचं असेल तर विक्रीवरचा नफा ‘दीर्घकालीन भांडवली नफा’ ठरतो. त्यापेक्षा कमी काळ असेल तर तो नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो.

23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात या कराचं गणित बदललं. आधी महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून (म्हणजे इंडेक्सेशन करून) उरलेल्या नफ्यावर 20 टक्के कर होता. नव्या नियमात इंडेक्सेशन काढून दर 12.5 टक्के केला गेला. जुनी घरं असलेल्यांकडून मोठी ओरड झाली, तेव्हा ऑगस्ट 2024 मध्ये सरकारने मार्ग काढला. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरांसाठी निवासी भारतीयांना दोन्हींपैकी ज्यात कर कमी तो पर्याय मिळाला.

कोणता पर्याय फायद्याचा?

हे घराची किंमत किती वाढली यावर ठरतं. समजा एक फ्लॅट 2012-13 मध्ये 40 लाखांना घेतला आणि 2025-26 मध्ये 90 लाखांना विकला. सरकारी महागाई निर्देशांक तेव्हा 200 होता, 2025-26 साठी तो 376 आहे. म्हणजे 40 लाखांची खरेदी किंमत 75.2 लाख धरली जाते. नफा उरतो 14.8 लाख आणि 20 टक्क्यांनी कर होतो 2.96 लाख. इंडेक्सेशन न घेतल्यास नफा 50 लाख आणि 12.5 टक्क्यांनी कर 6.25 लाख. इथे जुनी पद्धत फायद्याची.

तोच फ्लॅट 1 कोटी 60 लाखांना गेला असेल तर चित्र उलटतं. जुन्या पद्धतीने कर 16.96 लाख, नव्या पद्धतीने 15 लाख. (यावर 4 टक्के सेस आणि लागू असल्यास अधिभार वेगळा.) थोडक्यात, किंमत महागाईच्या आसपास वाढली असेल तर इंडेक्सेशन आणि खूप जास्त वाढली असेल तर 12.5 टक्के.

घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर मूळ किमतीऐवजी त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं. मात्र ते त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेऊन ठेवावा. एजंटची दलाली आणि घरात केलेल्या मोठ्या सुधारणांचा खर्चही नफ्यातून वजा होतो, पण बिलं हवीत.

कर वाचवता येतो का?

हो, आणि इथे एक मोठा गैरसमज आहे. विक्रीची सगळी रक्कम नव्या घरात घालावी लागते असं अनेकांना वाटतं. राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेतलं तर (जुन्या कायद्यातलं कलम 54) फक्त नफ्याएवढी रक्कम गुंतवली तरी पूर्ण सूट मिळते. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं आणि बांधत असाल तर तीन वर्षांत. ते तीन वर्षं विकता येत नाही. नफा 2 कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरांतही गुंतवता येतो. सुटीची कमाल मर्यादा 10 कोटी आहे.

नवं घर घ्यायचं नसेल तर सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या संस्थांच्या ठरावीक रोख्यांत 50 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. पैसे पाच वर्षं अडकतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती मुदतीची. विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपर्यंत नवं घर घेतलं नसेल तर नफ्याची रक्कम बँकेतल्या ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम’च्या खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात पडून राहिली तर सूट नाकारली जाऊ शकते.

1 एप्रिल 2026 ही नवा प्राप्तिकर कायदा, 2025 लागू होण्याची तारीख आहे. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. त्यामुळे सीएशी बोलताना कलमाच्या आकड्यापेक्षा सवलत कोणती ते सांगावं.

‘थोडे कॅश, थोडे चेकने’ का टाळावं?

घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास बंदी आहे, मग ती टोकन असो वा अ‍ॅडव्हान्स. दंड होतो तो पैसे घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो.

कागदावर किंमत कमी दाखवण्याची सवयही अंगाशी येते. रेडी रेकनरनुसार ठरणारं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक असेल तर विक्रेत्याचा नफा रेडी रेकनरच्या मूल्यावर मोजला जातो. म्हणजे हातात न आलेल्या पैशांवर कर. राज्यात 1 एप्रिल 2025 पासून रेडी रेकनरचे दर वाढले आहेत, त्यामुळे जुन्या परिसरातल्या, मोडकळीस आलेल्या इमारतीतल्या फ्लॅटचा सौदा करताना हा दर आधी पाहावा.

व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. ही रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली का, ते विक्रेत्याने 26एएसमध्ये तपासावं. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर 1 ऐवजी 20 टक्के कापले जाऊ शकतात.

सोसायटी किती पैसे मागू शकते?

महाराष्ट्र सरकारच्या 9 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार महापालिका क्षेत्रात गृहनिर्माण सोसायटीला हस्तांतर प्रीमियम म्हणून कमाल 25 हजार रुपये घेता येतात. ‘बिल्डिंग फंडाला देणगी’ म्हणून लाखभर मागितले जात असतील तर ते सक्तीने घेता येत नाहीत. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरासाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र अनिवार्य नाही. खरेदीदाराची बँक मात्र ते मागते. म्हणून मेंटेनन्सची थकबाकी आधीच भरून तसं पत्र घेऊन ठेवणं सोपं जातं.

आईवडिलांच्या नावावरचं घर असेल तर?

इथेच सर्वाधिक सौदे मोडतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घेते, पण घर विकण्यासाठी सगळ्या वारसांची संमती लागते. बहीण परदेशात असेल, भावाशी बोलणं नसेल तर आधी ते सोडवावं. नोंदणीकृत हक्कसोड पत्र किंवा न्यायालयाचे वारसाविषयीचे कागद हातात असल्याशिवाय टोकन घेऊ नये.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक मुद्दा. अनिवासी भारतीयांना इंडेक्सेशनचा पर्याय नाही. शिवाय त्यांच्या व्यवहारात 1 टक्का नव्हे, तर भांडवली नफ्याच्या दराने कर कापला जातो आणि अनेकदा तो पूर्ण किमतीवर कापला जातो. प्राप्तिकर विभागाकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र सौद्याच्या आधी घेतलं तर मोठी रक्कम परताव्यात अडकत नाही.

चावी कधी द्यायची?

खरेदीदार कर्ज घेत असेल तर बहुतेक बँका करार नोंदणीनंतरच पैसे सोडतात. म्हणजे काही दिवस असे जातात की कागद खरेदीदाराच्या नावावर आणि पैसे अजून बँकेत. म्हणून करारात स्पष्ट लिहावं की पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ताबा दिला जाईल. नवं घर तयार नसेल तर रिकामं करण्याची तारीखही करारातच ठरवून घ्यावी. तोंडी ‘दोन महिने राहा हो’ नंतर वादाचं कारण होतं.

जुन्या घरावर आपलंच कर्ज असेल तर ते फिटल्यानंतर 30 दिवसांत बँकेने मूळ कागद परत करणं बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला 5 हजार रुपये भरपाई मिळते. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

सामान हलवताना काय बघावं?

पॅकर्स अँड मूव्हर्सच्या नावाखाली फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. फोनवर स्वस्त दर सांगायचा, सामान ट्रकमध्ये चढलं की जास्त पैसे मागायचे, नाही दिले तर सामान अडवून ठेवायचं. म्हणून घरी येऊन सामान पाहून दिलेला लेखी दर, जीएसटी क्रमांक असलेलं बिल आणि विम्याचा कागद घ्यावा. प्रत्येक खोलीचा आणि महागड्या वस्तूंचा व्हिडिओ काढावा. दागिने, घराचे कागद, शाळेचे दाखले ट्रकमध्ये न टाकता स्वतःजवळ ठेवावेत.

जुनं घर सोडताना वीज मीटर, पाइप गॅस आणि मालमत्ता कराचं नाव बदलल्याची पावती घ्यावी, नाहीतर पुढची थकबाकी जुन्या मालकाच्या नावावर निघते. नव्या पत्त्यावर गेल्यावर आधार, बँक, शिधापत्रिका आणि मतदार यादी (त्यासाठी फॉर्म 8) बदलून घ्यावी. विकलेल्या घराचे कागद मात्र फेकू नयेत. विक्रीची नोटीस प्राप्तिकर विभागाकडून काही वर्षांनीही येऊ शकते आणि तेव्हा 2012 चा खरेदी करार, दलालीची पावती आणि सुधारणांची बिलं हाच पुरावा असतो.