हिमोग्लोबिन १३, आणि सगळे खुश

भाचीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन १३ लिहिलं गेलं आणि घरात माशाअल्लाह झालं. आपा म्हणाल्या, खजूर लागू पडले. पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. "या दिवसांत होतंच असं" म्हणून विषय मिटला. त्याच कार्डावर रक्तदाबाचा रकाना सलग दोन भेटींत कोरा होता. तपासणाऱ्यांनी भरला नाही. मुलांच्या वह्यांतल्या रिकाम्या जागांना लाल गोल करणाऱ्या या मामूलाही तो दिसला नाही.

माझं भांडण खजुराशी नाही. गरोदर बाईची तब्येत म्हणजे तिचं हिमोग्लोबिन, या समजुतीशी आहे. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाढतो. म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणं स्वाभाविक. प्रीएक्लॅम्पसियात हा द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो, सूज येते, उरलेलं रक्त दाट होतं. आकडा चढतो, बाई मात्र खालावत असते.

लोहाचंही तसंच. या आजारात अनेकींच्या रक्तात लोह आणि फेरिटिन कमी नाही, जास्त सापडतं. आजार बळावला की लाल पेशी फुटतात आणि त्यातलं लोह बाहेर पडतं. ट्रान्सफेरिनने धरून ठेवलेलं लोह निरुपद्रवी असतं. मोकळं सुटलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं आणि पेशींच्या आवरणातली चरबी नासवतं. ते थोपवायला शरीराकडे स्वतःची विकरं असतात. त्यांतल्या काहींना सेलेनियम, जस्त, तांबं लागतं. प्रीएक्लॅम्पसियात ही फळी तोकडी पडते.

इथेच दुकानदार शिरतात. कलौंजीच्या डबीवर हदीस छापायची, खाली 'अँटिऑक्सिडंट' लिहायचं, आणि घाबरलेल्या सासूला विकायचं. दीनच्या नावावर हा धंदा मला सहन होत नाही. ब्रिटनमध्ये जोखमीच्या गरोदर स्त्रियांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. निकाल २००६ मध्ये छापून आला. प्रीएक्लॅम्पसिया टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. शुद्ध जीवनसत्त्वांची ही गत, तर डबीतल्या भुकटीचा भरवसा कोण देणार?

म्हणून सरकारी लाल गोळी फेकू नका. रक्तक्षय आपल्या मोहल्ल्यात घरोघरी आहे; ६० मिलिग्रॅम लोहाची ती गोळी १८० दिवस घ्यायचीच, बदल करायचा तर डॉक्टरांनी. पण गोळी दिली म्हणजे तपासणी झाली, हे मान्य करू नका. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब, लघवीत प्रथिनं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट आहे, स्वस्त आहे. पण बाई वेळेत पोचली तर.

भाची पोचली, थोडक्यात. बाळ चौतिसाव्या आठवड्यात काढावं लागलं. आता शेजारच्या सुनेचं कार्ड माझ्याकडे येतं, आणि मी हिमोग्लोबिनच्या आधी रक्तदाबाचा रकाना वाचतो. गेल्या ९ तारखेच्या तपासणीत तोही कोरा होता. तिला परत पाठवली.