उपज समूहातच रुजते

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही आदी दहा गावांनी आपली वस्ती सोडली. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, देवळांनाही जागा बदलावी लागली. विस्थापनाच्या हिशेबात घर, भूखंड आणि मोबदला मोजला जातो. गावच्या भजनी मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गाण्याची विद्या मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. ती कोठे लिहिलेली नसते. एकत्र बसणाऱ्या दहा-वीस माणसांच्या कंठात आणि कानात ती असते. माणसे पांगली की विद्याही पांगते.

पनवेल-उरणच्या आगरी-कोळी गावांत वारकरी संप्रदाय खोलवर रुजलेला आहे. हरिनाम सप्ताह, हरिपाठ, कीर्तन, रात्रीचा जागर हा येथील वर्षाचा क्रम. या जागरात काय घडते, याकडे शहरी, सुशिक्षित माणूस बहुधा भक्तीच्या किंवा करमणुकीच्या नजरेने पाहतो. तेथे एक शाळाही भरलेली असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. या शाळेत शिकवला जाणारा विषय संगीतातील सर्वांत कठीण म्हणून ओळखला जातो. तो म्हणजे आयत्या वेळी, गाता गाता, चालीला नवे वळण देणे. आपल्या संगीतात त्याला ‘उपज’ असा सुंदर शब्द आहे. शेतातल्या पिकालाही तोच शब्द लागतो, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

या शाळेची रीत साधी आहे. लहान मूल प्रथम टाळ धरते. आठ मात्रांचा भजनी ठेका त्याच्या हातात बसतो, तेव्हा कोणी त्याला मात्रा मोजायला शिकवलेले नसते. मग ते ध्रुपद उचलू लागते. बुवांनी ओळ सोडली की सर्वांनी ती झेलायची, हे काम वर्षानुवर्षे चालते. बुवा एकच ओळ पाच वेळा पाच तऱ्हांनी म्हणतात. कधी वरच्या षड्जाकडे झेप घेतात, कधी एखादा शब्द लांबवतात, कधी पखवाजाशी लडिवाळपणे भांडतात. पण अखेर समेवर येतात आणि सारा समूह तेथे त्यांची वाट पाहत उभा असतो. ऐकता ऐकता मुलाला दोन गोष्टी उमगतात. चाल म्हणजे पक्की भिंत नाही, ते अंगण आहे. आणि अंगणात कितीही हुंदडले तरी उंबरठा कोठे आहे याचे भान सुटता कामा नये. मग एके दिवशी बुवा मानेनेच खूण करतात आणि ओळ त्या मुलाच्या वाट्याला येते.

येथे चूक होणारच. परंतु समूहगायनात चुकीचा अपमान होत नाही. स्वर घसरला, शब्द अडला, तर टाळकरी ध्रुपद उचलतात आणि चूक त्या गजरात विरून जाते. पुढच्या आवर्तनात पुन्हा संधी असते. नवे काही करून पाहण्यासाठी धीर लागतो. हा धीर पाठीशी उभ्या असलेल्या माणसांकडून मिळतो. चक्री भजनात तर पाळीपाळीने गाण्याचा नेमच असतो. शेजाऱ्याने जेथे ओळ सोडली तेथून ती उचलून पुढे न्यायची, म्हणजे आधी त्याचे नीट ऐकायचे. उपज ही ऐकण्याची कमाई असते, हे तेथे शिकवावे लागत नाही.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप येईल. खरी विद्या गुरूपुढे एकट्याने बसून मिळते, घोळक्यात नाही, असे ते म्हणतील. गुरूची तालीम आणि एकांतातला रियाज यांना पर्याय नाही, हे खरेच आहे. तथापि आपल्या ख्यालपरंपरेतही शिष्य मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो, गुरूने थांबताच सूर भरतो, इशारा होताच एखादी जागा घेतो. बढत कशी करावी याचे प्रत्यक्ष शिक्षण त्याला तेथेच, गुरूबरोबर गाताना मिळते. भजनी मंडळ हेच काम अधिक मोठ्या वर्तुळात करते. ख्यालाइतकी सूक्ष्मता त्यात सहसा येत नसेल, पण ख्यालाचे दार ज्यांच्यासाठी कधी उघडणार नाही अशा शेकडो जणांना ते गाते करते.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांना हे पुरते उमगले होते. १९२३च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात विरोध झाला असतानाही ‘वंदे मातरम्’ पूर्ण गाणारे पलुस्कर स्वयंसेवकांना परिचित आहेत. मिरजेत पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या घरी राहून, गुरुसेवा करून ते शिकले. पण ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढताना त्यांनी संगीत वर्गात आणले, रामनामाच्या धुनेने ते सामान्यांच्या ओठांवर ठेवले. तानसेन घडवण्यापेक्षा कानसेन घडवणारी ही पद्धत, अशी तिची थट्टाही झाली. परंतु त्याच वर्तुळातून पं. ओंकारनाथ ठाकूर आणि पं. विनायकराव पटवर्धन यांच्यासारखे गायक उभे राहिले. वारकऱ्यांमध्ये हेच संघटित शिक्षणाचे काम १९१७ साली आळंदीत जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापून सुरू केले.

या विद्येत स्त्रियांचा वाटा तर अधिक जुना. जात्यावर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने ती पुढे न्यावी, यातून घडलेल्या लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रात संग्रहित झाल्या आहेत. आगरी विवाहात धवला गाणारी धवलारीण ओळ सांगते आणि भोवतालच्या बायका ती झेलतात. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनासभांतही एकाने साद घालायची आणि सर्वांनी प्रतिसाद द्यायचा, ही रीत होती. जॅझसारख्या उत्स्फूर्त संगीताच्या मुळांपैकी ते एक मूळ मानले जाते. कलेची उपज समूहाच्या मातीत होते, हा अनुभव असा दूरदूरचा आहे.

आजचे उलवे मात्र दोन जगांत विभागले आहे. एकीकडे गव्हाण, वहाळ यांसारखी जुनी गावे आणि पुनर्वसित वस्त्या. दुसरीकडे सिडकोच्या आखीव सेक्टरांतील उंच इमारती. बामणडोंगरी आणि खारकोपर स्थानकांवर २०१८पासून लोकल येते, २०२४च्या जानेवारीपासून अटल सेतूने मुंबई हाकेच्या अंतरावर आली. नव्या घरांत राहायला आलेले कुटुंब कष्टाळू आहे, देवभक्तही आहे. पण त्याचा गणेशोत्सव अनेकदा पैसे मोजून आणलेल्या वाद्यवृंदाचा असतो आणि गाण्याची हौस कराओकेवर भागवली जाते. कराओकेने आनंद मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते यंत्र गाणाऱ्यासाठी थांबत नाही, त्याला खूण करत नाही, त्याची चूक झेलत नाही. दुसऱ्याने पूर्वीच कोरलेल्या रेषेवरून चालायचे, एवढेच त्यात असते. अशा वातावरणात वाढलेले मूल गाणे ‘सादर’ करायला शिकेल. गाणे घडवायला शिकणार नाही.

शाखेत सांघिक गीत म्हणणाऱ्यांना एका सुरात, एका तालात गाण्याचे मोल सांगायला नको. तो पाया आहे. भजन त्या पायावरची पुढची पायरी दाखवते. तेथे प्रत्येकाला आपले वेगळेपण मांडायला अवकाश मिळतो आणि ते वेगळेपण पुन्हा ध्रुपदात आणून सोडण्याची जबाबदारीही त्याचीच असते. शिस्त आणि प्रतिभा यांचे वैर असते, हा समज तेथे सहज गळून पडतो. समाजाच्या संघटनेला याहून चांगला वस्तुपाठ कोणता?

म्हणून उलव्यात एक छोटा, पण ठाम उपक्रम व्हायला हवा. गृहसंकुलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ भजनासाठी राखावी आणि तेथे गावातील जुन्या बुवांना, पखवाजियांना पाहुणे म्हणून नव्हे, गुरुजन म्हणून सन्मानाने बोलवावे. ‘गाववाले’ आणि ‘सोसायटीवाले’ ही दरी मिटवण्यास एका सतरंजीवर बसण्यासारखा उपाय नाही. ध्वनिक्षेपक नसावा. त्याने एकाचा आवाज मोठा होतो आणि इतरांचा ऐकू येईनासा होतो. शेजाऱ्यांची रास्त तक्रारही त्यामुळेच उद्भवते. बायकांचे मंडळ वेगळे आणि पुरुषांचे वेगळे, या सवयीचाही विचार व्हावा. मुलीच्या वाट्यालाही ओळ आली पाहिजे. भजनात जात विचारत नाहीत असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरे ठरते ओळ पुढे देताना.

हे लवकर व्हायला हवे, कारण ज्यांच्या कंठात ही विद्या आहे ते वयाने थकत चालले आहेत. गाव उठले तरी त्याचे नाव कागदावर उरते. बुवांबरोबर गेलेली चाल कोणत्याही कागदावर उरत नाही. तिला जपण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे दुसऱ्याचा कंठ.