जखमीची निकड आणि विमा कंपनीची सवड

मोटार अपघातात माणूस मरण पावला तर त्याच्या वारसांना किती भरपाई द्यावयाची, याचे गणित आता बरेचसे ठरून गेले आहे. वय, उत्पन्न आणि अवलंबून असणाऱ्यांची संख्या हाती आली की सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा व २०१७ मध्ये प्रणय सेठी या खटल्यांत घालून दिलेल्या प्रमाणांवरून रक्कम काढता येते. जो जखमी होऊन जगतो त्याचे तसे नाही. त्याचे नुकसान अजून घडतच असते, आणि ते कोठवर जाईल हे डॉक्टरलाही लगेच सांगता येत नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, तर ४,४३,३६६ जखमी झाली. भरपाईच्या व्यवहारातील खरी ओढाताण या दुसऱ्या आकड्याच्या पोटात आहे.

उदाहरणादाखल एखादा चौतीस वर्षांचा गवंडी घ्यावा. महिना १५,००० रुपये मिळवणारा. सातारा रस्त्यावर ट्रकची धडक बसून त्याच्या मांडीचे हाड मोडले, आत सळई घालावी लागली आणि गुडघा पुरता वाकेनासा झाला. डॉक्टरांचा दाखला सांगतो की पायाचे अपंगत्व ४५ टक्के, म्हणजे संपूर्ण शरीराच्या हिशेबाने १५ टक्के. विमा कंपनीचा अधिकारी हा १५ चा आकडा उचलतो. वर्षाचे १,८०,००० रुपये, त्याचे १५ टक्के, त्याला वयानुसार १६ चा गुणक; रक्कम होते ४,३२,००० रुपये. हिशेबात बेरीज-गुणाकाराची चूक काढता येणार नाही.

परंतु गवंड्याला परांचीवर चढता आले नाही, उकिडवे बसता आले नाही, तर त्याच्याजवळ विकण्यासारखे उरते काय? याच प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार खटल्यात दिले आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेल्या सुताराची वा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्णच बुडू शकते, सरकारी कारकुनाची कदाचित मुळीच बुडणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जखमीच्या दाव्यातही भावी उत्पन्नवाढ धरली पाहिजे, हे २०२० मध्ये पप्पू देव यादव खटल्यात ठरले. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसासाठी ही वाढ ४० टक्के आहे. आता हाच हिशेब पुन्हा मांडला आणि कमाईच्या शक्तीची हानी ६० टक्के धरली, तर रक्कम २४,१९,२०० रुपये होते. औषधोपचार, वेदना, पुढील शस्त्रक्रिया यांचे पैसे निराळेच. माणूस तोच, पाय तोच, कायदाही तोच. तरी दोन रकमांमध्ये पाचपटींहून अधिक अंतर. तडजोडीच्या टेबलाशी सौदा होतो तो या अंतराचा.

सौद्यात ज्याला थांबता येते त्याचे पारडे जड असते, हे अर्थशास्त्राचे पुस्तक न वाचलेल्या भाजीवालीलाही ठाऊक असते. विमा कंपनीला थांबता येते. दाव्यापोटी बाजूला ठेवलेला पैसा तोवर गुंतवणुकीत राहतो आणि निकाल विरुद्ध गेलाच, तर न्यायाधिकरण अर्जाच्या तारखेपासून सहसा दरसाल ६ ते ९ टक्के सरळव्याज लावते. गवंड्याने रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी गावच्या सावकाराकडून दरमहा शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलले असतील, तर त्याला ते दरसाल छत्तीस टक्क्यांनी पडतात. खटला जितका लांबेल तितकी ही दरी रुंदावते आणि प्रत्येक तारखेगणिक त्याच्या लेखी चार लाखांचे मोल वाढत जाते. ‘गरजवंताला अक्कल नसते’ ही म्हण बहुधा एखाद्या सावकारानेच रचली असावी. अक्कल असते, सवड नसते.

विलंब हेच दुखणे आहे असे मानून कायदा दुरुस्त झाला, आणि त्यात बरेच स्वागतार्ह आहे. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल व ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असा नियम झाला. विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा आणि जखमीने तो स्वीकारल्यास न्यायाधिकरणाने तशी नोंद करावी, असे कलम १४९ सांगते. तिकिटे चिकटवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांमागे वर्षानुवर्षे हिंडण्यापेक्षा हे नक्कीच बरे. मात्र अवघ्या चार-सहा महिन्यांत प्रस्ताव येतो तेव्हा मांडीचे हाड नीट जुळले आहे की नाही हेही पुष्कळदा कळलेले नसते. गुडघा किती वाकणार, सळई केव्हा काढावी लागणार, हे पुढे ठरावयाचे असते. सळई काढण्याची शस्त्रक्रिया दीड-दोन वर्षांनी होते आणि तडजोडपत्रावर सही त्याआधीच झालेली असते.

याहून गंभीर बाब कलम १६४ ची आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये देण्याची ही तरतूद दिसावयास उदार आहे. पण कलम १४९ च्या मार्गाने हे पैसे स्वीकारले की कलम १६६ खालचा मूळ दावा संपुष्टात येतो. १९८२ मध्ये जुन्या कायद्यात विनादोष भरपाई प्रथम आली तेव्हा रक्कम क्षुल्लक होती, मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. परंतु ती घेतल्याने पुढचा दावा बुडत नसे, अंतिम भरपाईतून ती वळती करून घेतली जाई. १९८८ च्या कायद्याच्या कलम १४० नेही तेच तत्त्व राखले होते. ते कलम आता गेले आहे. पूर्वी जी उसनवारी होती तिची आज फारकत झाली. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेने अपघातानंतरच्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची सोय केली, हे चांगलेच झाले. पण आठव्या दिवसापासून बिल घरच्यांच्या नावे निघते, आणि अडीच लाखांचा मोह पडतो तो तेव्हा.

दावा सहा महिन्यांतच दाखल करण्याचे बंधनही याच दुरुस्तीने परत आणले. १९९४ मध्ये संसदेने विचारपूर्वक काढून टाकलेली ही मुदत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर तिचा रोख काय होतो हे सांगावयास नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असे बजावले.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. तृतीय पक्षाच्या इजेची जबाबदारी अमर्याद असते, तिचा हप्ता मात्र सरकार ठरवते. खोटे दावेही येतात; उत्तर प्रदेशात त्यांच्या तपासासाठी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाला विशेष पथक नेमण्याचा आदेश द्यावा लागला. पण खोट्या दाव्याचे औषध तपास हे आहे. खऱ्या जखमीला कमी रकमेवर वाटेला लावून लबाडाचा बंदोबस्त होत नाही.

लोकअदालतीतील निवाड्यावर अपील चालत नाही, त्यामुळे तेथे तर सहीपूर्वीची पाच मिनिटेच काय ती हाती असतात. त्या पाच मिनिटांत न्यायाधीशांनी विचारावयाचे प्रश्न मोजके आहेत. जखमीचे उत्पन्न किती धरले, कमाईची हानी किती टक्के धरली व का, गुणक कोणता लावला, आणि पुढील शस्त्रक्रियेसाठी किती ठेवले? ही उत्तरे तडजोडपत्रावर लिहिलेली नसतील तर संमतीची नोंद करू नये. अपंगत्व स्थिर झाल्याचा दाखला येईपर्यंत स्वीकारलेली रक्कम उचल म्हणून धरावी. पहिल्या सुधारणेला उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरेल; दुसरीसाठी कलम १६६ चे परंतुक बदलावे लागेल, आणि तेथे गाठ संसदेशी आहे.